नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट... फिनिश!

मंडळी, कंप्युटर इंजिनीअरिंगची दोन वर्षं काढली की माणसाला उगाचच वाटायला लागतं की आपल्याला सॉफ्टवेअर इन्स्टॉल करता येतं. आपल्यातल्या निम्म्या पोरांचा सोसायटीतला लौकिक तेवढ्यावरच तर टिकून असतो. शेजारच्या काकूंचा प्रिंटर चालू करून देणारा हुशार मुलगा! माझा हा समज गेल्या वर्षी डिसेंबरात, एनएसएसच्या शिबिरात, कर्जतच्या पुढच्या एका वाडीवर पार धुऊन निघाला.

शिबिराचं वेळापत्रक तुम्हाला माहीत आहेच. सकाळी वनराई बंधारा, दुपारी सर्वेक्षण, संध्याकाळी पथनाट्य. बंधाऱ्याची पोती भरायला उभा राहिलो तर सर म्हणाले, "तू कंप्युटरचा ना? मग शाळेत जा, तिथले पीसी बघ जरा." पोत्यांतून सुटका झाली म्हणून मी उड्या मारतच निघालो.

जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन. एका खोलीत पाच कंप्युटर, कोणीतरी देणगीत दिलेले, त्यांच्यावर प्लास्टिकची कव्हरं आणि कव्हरांवर जास्वंदीचं भरतकाम केलेले रुमाल. पाचपैकी चार चालू होते, म्हणजे आपल्या लॅबपेक्षा टक्केवारी बरी. बाई म्हणाल्या, "मुलं पेंट उघडतात, गोल काढतात, चौकोन काढतात, पुसतात. आता त्यांनाही कंटाळा आलाय. मराठीत काही असतं का रे यांच्यासाठी? मी मोबाइलवर शोधलं, पण मला काही धड मिळालं नाही."

"भरपूर आहे बाई!" मी ठणकावून सांगितलं.

आणि ते खोटं नव्हतं, हीच तर गंमत आहे. जीकॉम्प्री नावाचा एक संच आहे. ब्रुनो कुदुआँ नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने तो २००० साली सुरू केला. नावात कोटी आहे, फ्रेंचमध्ये 'मला समजलं' म्हणताना असाच उच्चार होतो. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी त्यात शंभरावर खेळ आहेत, माउस हलवायला शिकण्यापासून घड्याळ, बेरीज-वजाबाकी, बुद्धिबळापर्यंत. दुसरं टक्स पेंट, बिल केंड्रिकने २००२ मध्ये आणलेलं. मोठमोठी बटणं, प्रत्येक ब्रशला आवाज, आणि चित्र सेव्ह करताना फाइलचं नाव विचारत नाही. ज्याला अजून लिहिता येत नाही त्याला फाइलचं नाव काय विचारायचं, हा विचार कोणीतरी बसून केला आहे. ते मराठीतही चालतं. शिवाय टक्स मॅथ आहे, आकाशातून पडणारी गणितं उत्तर देऊन फोडायची. सगळं फुकट, सगळ्याचा सोर्स कोड उघडा. वीस-वीस वर्षं लोकांनी आपापले रविवार घालून केलेलं काम.

मग बाईंना ते मिळालं का नाही? मी त्यांच्या फोनवर त्यांनी जे शोधलं होतं तेच पुन्हा शोधून बघितलं. मुलांसाठी मराठी खेळ. ढीगभर ॲप आली. पहिलं उघडलं तर क ख ग च्या आधी गाडी विकत घेण्याची जाहिरात. दुसऱ्यात फुग्यावर बोट ठेवलं की फुगा फुटायच्या आत दुसरंच ॲप डाउनलोड करायचं पान. बाई म्हणाल्या, "पण याच्यावर तीन प्लस लिहिलंय ना? म्हणजे तीन वर्षांच्या मुलांसाठी ना?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबतो. ते 'तीन प्लस' म्हणजे या ॲपमध्ये मारामारी, शिव्या वगैरे तीन वर्षांच्या मुलाने बघू नये असं काही नाही, एवढंच. कॅल्क्युलेटरवरही तीन प्लस असतं. ते ॲप तिसरीतल्या मुलाच्या काही कामाचं आहे का, मराठी आहे का, नेटशिवाय चालतं का, यातलं काहीच तो शिक्का सांगत नाही. बाईंना मात्र नेमकं हेच हवं होतं. इयत्ता कुठली, विषय कुठला, भाषा कुठली, नेट लागतं का. चार रकाने! लिनक्सच्या सॉफ्टवेअर सेंटरमध्ये तरी काय आहे? 'एज्युकेशन' नावाचं एक दालन, आणि त्यात तारांगण, रसायनशास्त्राची आवर्तसारणी आणि लहान मुलांचे खेळ एकाच फळीवर. तिन्ही उत्तम आहेत, पण पहिलीच्या पोराला आणि बारावीच्या पोराला एकाच कपाटाशी उभं करण्यात काय अर्थ आहे?

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच दप्तरात आहे. २०१७ मध्ये केंद्राने दीक्षा सुरू केलं आणि बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापून आले. धड्याजवळचा कोड फोनने वाचला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. त्यातल्या साहित्याबद्दल मतं असू शकतात, मलाही आहेत. पण शोधण्याचा प्रश्न त्यांनी ज्या पद्धतीने सोडवला ती मला आवडते. बाईंनी काही शोधायलाच जायचं नाही. जे पान रोज उघडतं त्याच पानावर पत्ता. अपूर्णांकांच्या धड्याखाली अपूर्णांकांच्या खेळाचा असा कोड का असू नये?

असो. माझ्याकडे पेनड्राइव्ह होता, त्यात तिन्ही सेटअप होते, त्यामुळे शोधण्याचा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला होता. पेनड्राइव्ह लावला, सेटअपवर डबल क्लिक केलं, आणि समोर चौकट आली. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या.

"पासवर्ड काय आहे बाई?"

"तो त्या बसवून देणाऱ्या माणसाकडे."

त्या माणसाचा नंबर भिंतीवर खडूने लिहिला होता. तीन वेळा लावला. चौथ्यांदा उचलला, तेव्हा तो पनवेलला दुसऱ्या कुठल्यातरी खोलीत दुसरे कुठले तरी पाच कंप्युटर बसवत होता. पासवर्ड दिला बिचाऱ्याने. तो इथे छापत नाही, पण तुम्ही मनात जो म्हणताय तोच होता.

मग नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. चार मशीन, तीन सॉफ्टवेअर, म्हणजे बारा वेळा तेच. टक्स पेंट उघडलं तर इंग्रजीत. मराठी करायला त्याचं वेगळं कॉन्फिगरेशन सॉफ्टवेअर उघडावं लागतं, ते बाईंना कोण सांगणार? स्टॅम्पचं बटण करडं पडलेलं, कारण स्टॅम्पांचा संच वेगळा उतरवून घ्यावा लागतो आणि तो मी आणलाच नव्हता. जीकॉम्प्री तर उघडल्या उघडल्या बोलण्याच्या आवाजांची फाइल नेटवरून आणू का म्हणून विचारायला लागलं. शाळेत नेट नाही. बाईंनी आपला हॉटस्पॉट लावून दिला. रोजच्या दीड जीबीवर त्यांचं घर चालतं. जोडलं मात्र, आणि विंडोजला काय वाटलं कोण जाणे, त्याने स्वतःचे अपडेट ओढायला सुरुवात केली. दहा मिनिटांत बाईंचा डेटा संपल्याचा मेसेज आला, आणि मुलांच्या आवाजाची फाइल अजून वाटेतच. बाई काही बोलल्या नाहीत. मला मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

तरी संध्याकाळपर्यंत पोरं टक्स पेंटवर तुटून पडली होती. एका पोराने सगळा पडदा इंद्रधनुष्याने भरला. मी शिबिरात परत येऊन मस्तपैकी भाव खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेलो तर चारही मशीन कोरी. टक्स पेंट नाही, काही नाही, डेस्कटॉपवर फक्त ते हिरवं कुरण. बसवणाऱ्याने एक सॉफ्टवेअर घालून ठेवलं होतं. मशीन बंद करून चालू केलं की सगळं पहिल्यासारखं. व्हायरस येऊ नये, मुलांनी बिघडवू नये म्हणून. त्याच्या बाजूने विचार केला तर बरोबरच होतं त्याचं. तालुक्यात वीस शाळा सांभाळायच्या असतील तर मीही हेच केलं असतं. पण म्हणजे त्या शाळेत कुठलीही नवीन गोष्ट फक्त संध्याकाळपर्यंत जगू शकत होती.

आमच्या ओपन सोर्स क्लबातल्या मित्राला हे सांगितलं तर त्याचं उत्तर ठरलेलं. "लिनक्स टाक." त्याचं अगदीच चुकत नाही. डेबियनमध्ये २००० सालीच डेबियन ज्युनिअर नावाचा उपक्रम सुरू झाला होता. त्यांनी मेटापॅकेज केली. 'ज्युनिअर-आर्ट' नावाचं एक पॅकेज मागवलं की लहान मुलांसाठी निवडलेली चित्रकलेची सगळी सॉफ्टवेअर आपोआप येतात, 'ज्युनिअर-मॅथ' मागवलं की गणिताची. त्या पॅकेजमध्ये स्वतःचं असं काही नसतं, वाण्याकडे द्यायची यादी असते नुसती. पण यादी कोणीतरी जाणत्या माणसाने केलेली असते, आणि अपडेट एका कमांडमध्ये सगळ्यांचे होतात. नॉर्वेत २००१ मध्ये सुरू झालेल्या स्कूललिनक्सने तर सबंध शाळेचं नेटवर्कच असं एकगठ्ठा बसवून द्यायची सोय केली. आणि केरळ बघा. तिथल्या सरकारचा आयटी ॲट स्कूल प्रकल्प २००१ चा. आता त्याला काइट म्हणतात. शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती, शिकवायला लागणारी सॉफ्टवेअर आधीच आत, आणि शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण. तिथल्या बाईंना सेटअप शोधावाच लागत नाही.

पण माझ्यासमोर केरळ नव्हतं. माझ्यासमोर दुसऱ्याच्या मालकीची चार विंडोज मशीन होती आणि शिबिराचे चार दिवस उरले होते. ती फॉरमॅट करून लिनक्स टाकलं असतं आणि चार दिवसांनी आम्ही बसमध्ये बसून निघून गेलो असतो, तर मागे बाईंनी काय करायचं होतं? खडूने लिहिलेला नंबरही मग कामाचा राहिला नसता.

या बाबतीत मला सगळ्यात शहाणपणाची गोष्ट केलेली दिसते ती वन लॅपटॉप पर चाइल्डवाल्यांनी. तेच ते हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप. २००७ मध्ये मुंबईजवळच्या डोंगरातल्या खैराट गावात, एका खोलीच्या शाळेत, त्यांचा भारतातला पहिला प्रयोग झाला होता. प्रकल्प पुढे बारगळला, त्याची कारणं अनेक आहेत आणि काही योग्यही आहेत. पण त्यातली शुगर नावाची प्रणाली अजून जिवंत आहे. तिच्यात प्रत्येक खेळ म्हणजे एक फाइल. सेटअप नाही, पासवर्ड नाही, 'तुम्हाला शॉर्टकट कुठे हवा' नाही. पेनड्राइव्हवरची फाइल मुलाने क्लिक केली की खेळ आला. नको असेल तर मुलानेच काढून टाकायचा. इन्स्टॉल करणारा माणूस आठ वर्षांचा असणार, हे धरून बनवलेलं दुसरं काही मी तरी पाहिलेलं नाही. आपण सगळे बरोबर याच्या उलट करतो. चालवणारा मूल, पण बसवणारा आमच्यासारखा कोणीतरी, जो चार दिवसांनी बसमध्ये बसून जातो.

अपडेटचं तर विचारूच नका. शाळेच्या कपाटात शैक्षणिक सीडींची हातभर चळत होती. मराठी, रंगीत कव्हरं, कित्येकांचं प्लास्टिकही न फाडलेलं. नव्या मशीनना सीडी ड्राइव्हच नाही, हे एक. एक बाह्य ड्राइव्ह मित्राकडून मागवून बघितलं तर बऱ्याच सीडी ब्राउझरमध्ये फ्लॅश उघडायला बघत होत्या. अडोबीने फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्या प्लेअरने ब्राउझरमधली फाइल चालवायलाच नकार दिला. म्हणजे धडे अजूनही बरोबर आहेत, झाडाला अजूनही मूळ, खोड, पानं आहेत, पण ती दाखवणारी खिडकी कायमची बंद. ज्यांनी सीडी केली त्यांनी सीडी विकली, आणि तिथे त्यांचं काम संपलं. त्यांना दोष देताना माझी जीभ जरा अडखळते, कारण आपण वेगळं काय करतो?

बघा ना आपले फायनल इयरचे प्रोजेक्ट. दरवर्षी दोन-तीन ग्रुप तरी 'लहान मुलांसाठी स्मार्ट लर्निंग ॲप' घेतात. विषय गोड, गाइड खूश, यूएमएल डायग्राम सुबक. व्हायवाच्या दिवशी ते ग्रुपच्या एकाच लॅपटॉपवर, एकाच माणसाने हात लावला तर चालतं. एक्स्टर्नल 'फ्यूचर स्कोप' विचारतात, आपण 'मल्टी-लँग्वेज सपोर्ट' म्हणतो, ब्लॅक बुकवर सही होते आणि ॲप कपाटात जातं. ते दुसऱ्या मशीनवर कसं बसवायचं याचं एक पानही त्या काळ्या पुस्तकात नसतं. मी आमच्या डिपार्टमेंटमधली सात पुस्तकं काढून बघितली. लिटरेचर सर्व्हे प्रत्येकात पंधरा पानांचा. इन्स्टॉल कसं करायचं, हे एकातही नाही.

माझं म्हणणं असं आहे की व्हायवात दहा मार्क यासाठी ठेवा. एक्स्टर्नलना किंवा शिपाईकाकांना एक पेनड्राइव्ह द्यायचा. वेगळं मशीन, नेट बंद, ॲडमिनचा पासवर्ड नाही. दहा मिनिटं ग्रुपमधल्या कोणीही तोंड उघडायचं नाही. चाललं तर दहा, नाहीतर शून्य. पोरं म्हणतील हे इंजिनीअरिंग नाही, हे तर दुकानातल्या मुलाचं काम. त्यांना मी कोलिब्रीचा कोड वाचायला सांगेन. लर्निंग इक्वालिटी नावाच्या संस्थेचं हे सॉफ्टवेअर. नेट नसलेल्या ठिकाणासाठीच केलेलं. एका मशीनवर धडे ठेवायचे, बाकीच्यांनी त्याच खोलीतल्या नेटवर्कवरून ब्राउझरने वापरायचे. नवीन धडे पेनड्राइव्हवरून किंवा शेजारच्या दुसऱ्या कोलिब्रीकडून घेता येतात. तुटक्या-फुटक्या जोडणीवर दोन मशीनमधला डेटा जुळवायचा, हा डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सच्या पेपरातलाच प्रश्न आहे, फक्त परीक्षेत त्याच्यासोबत बाईंचा दीड जीबी दिलेला नसतो.

आता शाळेचं पुढे काय झालं ते सांगतो. बसवणाऱ्याला पुन्हा फोन केला. तो म्हणाला डी ड्राइव्ह मोकळा आहे, तिथलं काही पुसलं जात नाही. टक्स पेंटची एक झिप मिळते, ती इन्स्टॉल न करता नुसत्या फोल्डरमधून चालते. मित्राने कर्जत स्टेशनबाहेर उभं राहून ती आणि स्टॅम्पांचा संच उतरवून आणला. आम्ही भाषा मराठी करून सगळा फोल्डर डी ड्राइव्हवर टाकला, त्याचं नाव मराठीत 'चित्रं' असं ठेवलं. एका मशीनवर मी केलं. दुसऱ्यावर करायला वळलो तर चौथीतली एक मुलगी म्हणाली, "मी करू?" कॉपी, पेस्ट. तिने उरलेल्या तिन्हींवर केलं. मला नुसतं उभं राहायचं होतं.

यंदाच्या शिबिराला पुन्हा तिथेच गेलो. बाईंची मे महिन्यात बदली झाली होती, शाळेवर नवीन सर होते. एक मशीन मधल्या काळात फॉरमॅट होऊन आलं होतं, डी ड्राइव्हसकट. सरांना ते 'चित्रं' काय आहे हे कोणी सांगितलेलं नव्हतं, पण फॉरमॅट झालेल्या मशीनवरही फोल्डर होता. त्या मुलीने जाण्याआधी पाचवीच्या दोघांना दाखवून ठेवलं होतं, आणि त्यांनी शेजारच्या मशीनवरून पेनड्राइव्हने परत आणला होता.

त्यांची तक्रार वेगळीच होती. स्टॅम्पमध्ये विमान आहे, आगगाडी आहे, एसटी का नाही? आता टक्स पेंटचा स्टॅम्प म्हणजे एक चित्र आणि त्याच नावाची एक टेक्स्ट फाइल. तिच्यात पहिल्या ओळीला इंग्रजी नाव, खाली मराठी. घरी आल्यावर आमच्या ग्रुपने लाल एसटी काढली, पाटीवर कर्जत लिहिलं, हॉर्नचा आवाज मी स्वतः डेपोत जाऊन रेकॉर्ड केला. पहिल्यांदा सरांना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली, तर मागची पारदर्शक जागा जाऊन एसटीभोवती पांढरी चौकट आली. मग तिन्ही फाइली झिप करून, डॉक्युमेंट म्हणून, 'स्टॅम्पच्या फोल्डरमध्ये टाका' एवढी एकच ओळ लिहून पाठवल्या. परवा पाठवल्यात. अजून निळ्या टिका आलेल्या नाहीत. वाडीवर रेंज टेकडावर गेल्याशिवाय येत नाही, त्यामुळे शनिवारपर्यंत वाट बघणार आहे.